साडेतीन सूत

नोव्हेंबरात मळ्याच्या फाटकाची कडी तुटली.
मळा म्हणजे डर्बीच्या नगरपालिकेनं भाड्यानं दिलेला
वीस पावलांचा तुकडा. त्यात माझी मेथी
आणि शेजारच्या वाफ्यात हॅलमसाहेबांचे लीक,
एकमेकांकडे पाठ करून वाढणारे.

मी म्हटलं, मी करते. कॉम्प्युटरवर आखते,
लायब्ररीतल्या प्रिंटरवर छापून आणते.
ते काही बोलले नाहीत.
तारेनं फाटक बांधलं आणि घरी गेले.

मग हिवाळाभर मी कडी केली नाही,
सॉफ्टवेअर निवडत बसले.

पहिलं फुकट, हौशी माणसांसाठी.
पण दहाच आराखडे जागे ठेवायचे,
अकरावा काढला की एकाला झोपवायचं;
पोळ्या मोजून वाढणारी मेस असते, तसं.
दुसरंही फुकट, मात्र तुमचं चित्र साऱ्या जगाला उघडं.
आता एका कडीत लपवण्यासारखं काय असतं?
तरी मी दार लोटून घेतलं.
तिसरं खरं, कारखान्यातलं,
महिन्याचं भाडं आमच्या गॅसच्या बिलाएवढं.
भाडं थकलं, की आपल्याच रेघा
आपण काचेबाहेरून बघायच्या.
सतरा वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या बाईला
हे कुणी समजावून सांगायला नको.
आणि चौथं, कुणाकुणी रात्री जागून लिहिलेलं,
साऱ्यांचं, म्हणून कुणाचंच नाही;
कोपरा गोल कर म्हटलं
की न सांगता कोसळायचं.

तक्ता केला. गुण दिले. तक्त्याचाही तक्ता केला.
ओवी जिन्यावरूनच म्हणाली,
आई, विमान करायचंय का कडी, ते आधी ठरव.

पण एक गोष्ट मला चारहींत आवडली.
नुसती ओढलेली रेघ निळी असते,
बोट लावलं की सरकते.
तिला लांबी द्यायची, कोन द्यायचा,
कशाला तरी टेकवायची,
मग ती काळी होते, जागच्या जागी.
रात्री एक एक वाजेपर्यंत मी
काही कारण नसताना
रेघा काळ्या करत बसायचे.

फेब्रुवारीत हॅलमसाहेब आले.
रुमालात कडीची जुनी खिटी,
खिशात उमेदवारीच्या काळातला व्हर्नियर,
हात थरथरतो, पण पितळेला टेकला की थांबतो.
सात सोळांश, म्हणाले. इंच.

कॉम्प्युटरनं विचारलं : एकक कोणतं?
मिलिमीटर, सेंटिमीटर, इंच, फूट,
यादी खालपर्यंत जात होती
आणि माझं बोट मध्येच थांबलं.
इचलकरंजीत बाबांचं माग दुरुस्तीचं दुकान,
कानावर खडू, दातांत खिळा,
आणि मान वर न करता
पोऱ्याला सांगायचे, साडेतीन सूत.
इंचाचे आठ भाग, त्यातले साडेतीन.
सात सोळांशच की!

यादी पुन्हा पाहिली. सूत नव्हतं.
चारहींत नव्हतं, फुकटात नाही, भाड्याच्यात नाही.
हॅलमसाहेबांना सांगितलं तर दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी,
‘सूत’मधला त त्यांना काही जमला नाही.
आमच्याकडे नुसता आकडा होता, म्हणाले,
नाव तुमच्याकडे होतं.

त्याच रात्री चौथं घेतलं.
का, ते तक्त्यात कुठंच सापडणार नाही.
अकरा पूर्णांक अकरा मिलिमीटर टाकलं.
फाइलला नाव दिलं मराठीत, साडेतीन सूत,
त्याला वाचता येईना,
चौकोनच चौकोन दाखवले त्यानं.
दोनदा कोसळलं. तिसऱ्यांदा मी
दर रेघेला सेव्ह करत गेले,
दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहतात, तशी.

छापलेलं भोक थोडं आकसतं, हे मला माहीत नव्हतं.
त्यांना होतं. गोल कानस घेऊनच आले होते;
चार हात मारले, फुंकर घातली,
खिटी आत गेली.

मार्चपासून फाटक टक् करून लागतं.
तार मात्र त्यांनी काढलेली नाही.
खांबाला गुंडाळून ठेवलीय,
असू दे म्हणतात.